अमात्यांचें दुर्गप्रकरण

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत आमच्या घरांत एक मोठें राज्य बुडालें. राज्य आमच्या पुतण्याचें. तें संगणकाच्या पडद्यावर वसलेलें होतें. या खेळांत खेळणारानें जुन्या काळच्या एखाद्या राजाची जागा घ्यावयाची, तीनचारशें वर्षें राज्य चालवावयाचें, कर बसवावयाचे, तह मोडावयाचे, फौजा पाठवावयाच्या आणि खजिन्यांत पैसा असेल तर किल्ले बांधावयाचे, असा तो प्रकार आहे. चिरंजीवांनीं भीतीनें म्हणा कीं हौसेनें म्हणा, झाडून साऱ्या सुभ्यांत एकेक किल्ला उठविला. किल्ला बांधण्यास पैसा एकदांच लागतो, पण तो राखण्यास दरमहा लागतो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली तेव्हां खजिना रिता झालेला होता. मग त्यांनीं फौज कमी केली. शत्रु आला, त्यानें एकेक किल्ला सावकाश वेढून घेतला, आणि कुमकेस जाण्यास कोणी उरलें नव्हतें. रात्रीं पानावर बसतांना त्यांनीं आम्हांस विचारलें, "काका, किल्ला बांधावा तरी केव्हां?"

प्राध्यापकास प्रश्न विचारला म्हणजे तो उत्तर देत नाहीं, पुस्तक देतो. आम्हींही तेंच केलें. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रां'तील दुर्गप्रकरण त्यांच्या हातीं ठेविलें. दोन दिवसांनीं पुस्तक परत आलें आणि त्याबरोबर अभिप्रायही आला: "यांत किल्ला कोठें बांधावा आणि कसा बांधावा हें आहे, केव्हां बांधावा हें नाहीं." पंचवीस वर्षांहून अधिक काळ हें प्रकरण आम्ही वर्गांत शिकवीत आलों, पण त्यावर इतका नेमका आक्षेप कोणीं घेतल्याचें आम्हांस आठवत नाहीं. तो कितपत खरा आहे हें पाहण्याकरितां आम्हीं तें प्रकरण पुन्हा सावकाश वाचलें. प्रस्तुत लेख त्या वाचनांतून निघाला.

'आज्ञापत्र' हें शके १६३७ चें, म्हणजे इ. स. १७१५ चें. नांव करवीरच्या संभाजीराजांचें, पण त्यांतून बोलणारा आवाज अमात्यांचा. हे निळो सोनदेवांचे पुत्र. थोरल्या महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळीं ते अष्टप्रधानांत होते. संभाजीमहाराजांच्या वधानंतर राजाराममहाराज जिंजीस गेले तेव्हां 'हुकुमतपन्हा' या पदवीनें इकडील राज्याचा सारा भार त्यांच्याच शिरावर आला. बादशहानें सह्याद्रीचे किल्ले एकामागून एक घेतलेले त्यांनीं पाहिले आणि ते परत आलेलेही पाहिले. पुढें घरच्याच दोन गाद्यांचें भांडण त्यांच्या डोळ्यांदेखत माजलें, आणि १७१४ मध्यें पन्हाळ्यावर झालेल्या राज्यबदलांत त्यांचा स्वतःचा हात होता. इतकें सारें पाहिलेला मनुष्य साठी उलटल्यावर लिहावयास बसला, ही गोष्ट हें पुस्तक वाचतांना क्षणभरही विसरतां येत नाहीं. पन्हाळ्यावर त्यांची समाधि आहे. सज्जाकोठीकडे धांवणाऱ्या मंडळींपैकीं फार थोडीं तिच्यापाशीं थांबतात.

२०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश केला. त्यांत आमचा पन्हाळा आहे, आणि दूरच्या तमिळ मुलखांतली जिंजीही आहे. कोल्हापुरांत त्या दिवशीं पेढे वांटले गेले. आम्हींही ते आनंदानें खाल्ले. परंतु त्यानंतर जीं व्याख्यानें आमच्या कानांवर आलीं, त्यांत दुर्गप्रकरणाचा जो उपयोग झाला तो पाहून मन कष्टी झालें. राज्याचें सर्वस्व किल्ल्यांत आहे अशा आशयाचें जें वचन अमात्यांनीं प्रकरणाच्या तोंडाशीं घातलें आहे, तेवढेंच उचलावयाचें, फलकावर मोठ्या अक्षरांनीं रंगवावयाचें, आणि पुढील पानें उलटावयाचींच नाहींत, अशी रीत पडून गेली आहे. ज्या लेखकानें आयुष्यभर अटी घातल्या त्याच्या तोंडीं आपण नुसता जयघोष घातला. वस्तुतः या प्रकरणाचें सारें मोल त्या पहिल्या वचनानंतर सुरू होतें.

प्रथम त्याच्या गद्याविषयीं दोन शब्द. राजनीतीवर लिहिणाऱ्या आपल्या जुन्या ग्रंथकारांची एक ठराविक वाट आहे. मनु दुर्गांचे सहा प्रकार सांगतो. कौटिल्य पाण्याचा, डोंगराचा, वाळवंटाचा व अरण्याचा असे भेद करितो. अमात्य विद्वान होते, त्यांस ही परंपरा ठाऊक असणारच. तथापि ते त्या यादीच्या वाटेस जात नाहींत. ते आरंभ करितात तो थोरल्या महाराजांनीं हें राज्य कशाच्या बळावर उभें केलें आणि औरंगजेबासारखा शत्रु चालून आला असतां तें कशाच्या बळावर टिकलें, येथून. शास्त्राच्या जागीं त्यांनीं आठवण बसविली. वाक्यें लहान, आज्ञार्थी, फारशी शब्दांनीं भरलेलीं. प्रत्येक वाक्याच्या मागें एखादा पडलेला किंवा वांचलेला किल्ला उभा आहे असें वाटतें. गडावरचा केरकचरा बाहेर न टाकतां जाळावा व त्याची राख परसांतील भाजीस घालावी, दारूचें कोठार घरांपासून दूर असावें, गडाखालच्या झाडीची एक कांठीही तोडूं देऊं नये, असल्या सूचना वाचतांना कोणास वाटेल कीं राजनीतीच्या ग्रंथांत ही घरकामाची यादी कशाला? आमच्या मतें मराठी गद्यांत असें ठसठशीत लिहिणें फार थोड्यांस साधलें आहे. राज्य कोठें गळतें हें ज्यानें पाहिलें आहे तो राखेबद्दलही लिहितो.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. कोठें व कसें, हें अमात्य सांगतात यांत वाद नाहीं. पण त्यांचें 'कोठें' नीट वाचलें तर त्यांत 'केव्हां' दडलेलें आहे, असें आम्हांस या वेळीं प्रथमच दिसलें.

पाण्याचेंच घ्या. गड बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें, हा त्यांचा पहिला दंडक. पाणी नाहीं आणि जागा तर घेतलीच पाहिजे, असें असेल तर आधीं खडक फोडून टाकीं खोदावीं. एखादा झरा आहे तेवढ्यावर विसंबूं नये, कारण लढाईच्या वेळीं तोफांच्या हादऱ्यानें झरे आटतात. म्हणून जास्तीचें साठवणीचें पाणी हवेंच. आम्ही दर वर्षीं विद्यार्थ्यांस घेऊन पन्हाळ्यावर जातों तेव्हां तीन दरवाजाजवळच्या अंधारबावेंत त्यांस आधीं उतरवितों. ही आदिलशाहींतली बांधणी. तीन मजल्यांची, वरून साध्या इमारतीसारखी दिसणारी, आणि तळाशीं विहीर. जणूं किल्ल्याच्या पोटांत आणखी एक किल्ला, आणि त्याचा राजा म्हणजे पाणी. तेथून वर आल्यावर अंबरखान्याच्या गंगा, यमुना व सरस्वती या कोठारांच्या भिंती पाहिल्या म्हणजे सिद्दी जौहर चार महिन्यांहून अधिक काळ खालीं बसून काय करीत होता हें मुलांस समजतें: तो गडावरचें धान्य संपण्याची वाट पाहत होता. गडावर पाणी व धान्य किती महिन्यांचें आहे, हाच त्या गडाचा खरा आंकडा; तट किती हात रुंद ही गोष्ट त्याच्या मागून येते. म्हणजे अमात्यांचा पाण्याचा नियम हा जागेचा नियम दिसतो खरा, पण त्याचा अर्थ काळाचा आहे. जो गड शत्रूस एक पावसाळा खालीं बसवूं शकत नाहीं, तो बांधण्यांत अर्थ नाहीं.

दुसरा दंडक शेजारच्या डोंगराचा. गडाच्या तोफेच्या माऱ्यांत दुसरा डोंगर नसावा. असला तर सुरुंग लावून तो मोडावा. तें शक्य नसेल तर त्यावरही तट बांधून तो आपल्याकडे घ्यावा. हें वाचतांना पुरंदर आठवल्यावांचून राहत नाहीं. १६६५ मध्यें दिलेरखानानें मुख्य गडावर डोकें न फोडतां आधीं शेजारचा वज्रगड घेतला, तेथें तोफा चढविल्या, आणि मग पुरंदरच्या माचीचे दिवस भरले. मुरारबाजीच्या शौर्यानें ती भूमिति बदलली नाहीं. त्या जूनमध्यें जो तह झाला त्यांत तेवीस किल्ले व चार लक्ष होनांचा मुलूख द्यावा लागला. महाराजांकडे बारा किल्ले राहिले. आमच्याकडचें उदाहरण त्याहून जवळचें आहे. १६६० च्या वेढ्यांत राजापूरच्या इंग्रजांनीं आपल्या तोफा आणून जौहरास मदत केली होती. पुढें १६७३ मध्यें पन्हाळा पुन्हा हातीं आल्यावर महाराजांनीं पलीकडच्या डोंगरावर पावनगड बांधला. एका गडाकरितां दुसऱ्याचा खर्च आला! हा दुसरा खर्च ज्यास झेपत नाहीं त्यानें पहिल्याचाही विचार करूं नये, असें अमात्य स्पष्ट म्हणत नाहींत. पण त्यांच्या नियमांतून तेंच निघतें. वऱ्हाडांतील भोसल्यांचा गाविलगड हा विसरल्याचें फळ दाखवितो. तीन बाजूंनीं तुटलेले कडे, परंतु उत्तरेकडे शेजारच्या पठाराची जोड. १८०३ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं आडरानांतून तोफा ओढीत त्या बाजूस नेल्या आणि इतका बेलाग म्हणविणारा गड थोड्याच दिवसांत पडला.

आतां 'केव्हां' या प्रश्नाचा गाभा. अमात्यांनीं आरंभींच विजापूर, भागानगर व आपलें राज्य यांची जी तुलना सूचित केली आहे, तिच्याकडे टीकाकारांनीं जितकें लक्ष द्यावयास हवें तितकें दिलेलें नाहीं. विजापूरचा तट कांहीं कमी बळकट नव्हता. मलिक-ए-मैदानसारखी तोफ त्यावर होती. १६८५ च्या वसंतांत वेढा पडला, १६८६ च्या सप्टेंबरांत शहर गेलें, आणि शहराबरोबर आदिलशाहीही गेली. गोवळकोंडा आठ महिने लढला. १६८७ मध्यें आंतल्यानेंच दार उघडलें, आणि कुतुबशाही संपली. दोन्हीकडे तट उत्तम होते. परंतु तटाच्या बाहेर, वेढा घालणाराच्या पाठीवर बसणारें कोणी नव्हतें. उलट मराठ्यांची राजधानी १६८९ मध्यें गेली, राजा मारला गेला, राणी व राजपुत्र कैद झाले, तरी राज्य गेलें नाहीं. राजाराममहाराज आमच्या या पन्हाळ्यावरून निघून जिंजीस पोहोंचले, आणि झुल्फिकारखान तो एक गड घेण्याकरितां १६९० पासून १६९८ च्या आरंभापर्यंत तेथें गुंतून पडला. या आठ वर्षांत महाराष्ट्रांत काय चाललें होतें? संताजी व धनाजी बादशाही फौजांच्या रसदा मारीत होते, आणि त्यांच्या पाठीशीं पैसा, माणसें व निरोप यांची जुळवाजुळव करणारे खुद्द आमचे ग्रंथकार होते. किल्ला वेळ विकत देतो. तो वेळ वापरणारें कोणी तटाबाहेर असेल तर तो सौदा स्वस्त. नसेल तर एक होनालाही महाग. अमात्यांस हें इतकें अंगवळणी पडलेलें होतें कीं तें सांगण्याची गरज त्यांस भासली नसावी. आमच्या चिरंजीवांचें राज्य बुडालें तें नेमकें याच ठिकाणीं: किल्ल्यांकरितां त्यांनीं फौज मोडली.

जिंजीविषयीं आणखी एक गोष्ट. थोरल्या महाराजांनीं १६७७ मध्यें ती घेतली तेव्हां तेथल्या जुन्या बांधणीवर ते संतुष्ट राहिले नाहींत. निरुपयोगी भाग पाडून नवे तट, बुरूज व खंदक करविले, असें त्या काळच्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांवरून समजतें. त्या दिवशीं तेथें कोणताही शत्रु दारांत उभा नव्हता. स्वतःच्या मुलखापासून शेंकडों कोस दूर, बारा वर्षांनंतर उपयोगास येणारा हा खर्च होता. शत्रु दिसूं लागल्यावर किल्ला बांधावयास घेणें म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणें.

याच्या नेमकें उलट दिसणारें, पण त्याच तत्त्वाचें उदाहरण खांदेरीचें. १६७९ मध्यें, शत्रूच्या नाकासमोर, मुंबईच्या तोंडाशीं असलेल्या त्या खडकाळ बेटावर मायनाक भंडाऱ्यानें तट उभारण्यास आरंभ केला. इंग्रजांनीं गलबतें आणून अडविलें. सिद्दीनें शेजारच्या उंदेरीवर आपला तळ ठोकला. रात्रीच्या अंधारांत लहान होड्यांतून दगड, दाणा व माणसें पोहोंचत राहिलीं. आंकड्यांत पाहिलें तर ही लहानशी बांधणी. पण ती थोपविण्यास इंग्रजांस जो खर्च व जो त्रास पडला तो त्यांस परवडेना, आणि १६८० मध्यें त्यांनीं समेट केला. बांधणारापेक्षां अडविणारास महाग पडतो तो किल्ला बांधावा, मग तो शत्रूच्या उंबऱ्यावर कां असेना. टोपीकरांस समुद्रकांठीं बळकट इमारतीस जागा देऊं नये, असें अमात्य बजावतात त्याचें मर्मही हेंच. किल्ल्याची ही किफायत परकीयांसही कळते, हें ते ओळखून होते.

येथपर्यंत अमात्यांची बाजू. पण आमचें काम वकिली करणें नव्हे. या प्रकरणांत एक मोठी उणीव आहे, आणि ती आम्हांस पूर्वीं कां दिसली नाहीं याचें आश्चर्य वाटतें. त्यांत बदलीच्या वर्षांचा हिशेब आहे, पैशाचा नाहीं. जो मनुष्य मुजुमदारींत वाढला, ज्याच्या लेखणीखालून राज्याचा जमाखर्च गेला, तो किल्ल्यास किती लागतें याबद्दल एक होनाचाही आंकडा देत नाहीं. किल्ले वाढवीत जावे, नव्या मुलखांत जागोजाग ते बांधावे, हा उपदेश आहे. कोठें थांबावें, याची रेषा ओढलेली नाहीं. आणि तो आंकडा उपलब्ध नव्हता असें नाहीं. १६७१-७२ च्या सुमाराची गडांच्या बांधकामाकरितां नेमलेल्या रकमांची एक यादी प्रसिद्ध आहे. एकूण रक्कम १,७५,००० होन. त्यांतले ५०,००० एकट्या रायगडास; सिंहगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, प्रतापगड, पुरंदर व राजगड यांस प्रत्येकीं १०,०००; विशाळगडासारख्यांस ५,०००; आणि उतरत उतरत मनोहरगडास १,०००. पन्हाळ्याचें नांव तींत नाहीं, कारण तो तेव्हां विजापूरकरांकडे होता. ही यादी म्हणजे आमच्या मतें दुर्गप्रकरणाचें हरवलेलें पान आहे. कारण कोणत्या गडास किती, हें ठरविणें म्हणजेच कोणता गड किती मोलाचा, हें ठरविणें.

आणि तिच्यापुढें इतिहास ठेवला म्हणजे मन थोडें खिन्न होतें. ज्या रायगडावर सर्वांत अधिक खर्च झाला तो १६८९ मध्यें आठ महिन्यांच्या आंत शत्रूच्या हातीं गेला, आणि त्याबरोबर येसूबाई व बाळ शाहूही गेले. नाशिकजवळचा रामसेज हा लहानसा किल्ला मात्र १६८२ पासून सुमारें पांच वर्षें अडून बसला. तेथें लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून लांकडाच्या करून चामड्यानें मढविल्या होत्या, असें मोंगलांचाच बखरनवीस खाफीखान लिहितो. रायगडाची बांधणी वाईट होती असें कोण म्हणेल? पण राजधानी, खजिना व राजकुटुंब एकाच माथ्यावर असलें म्हणजे तो किल्ला शत्रूस अडविण्याऐवजीं बोलावूं लागतो. दुर्गप्रकरण वांचलेल्या राज्याकडून लिहिलें गेलें आहे. उपयोगीं पडलेले गड त्यांत मोजले गेले, व्यर्थ गेलेले फारसे मोजले गेले नाहींत. फ्रान्सांत अमात्यांचाच समकालीन व्होबाँ चौदाव्या लुईकरितां आयुष्यभर किल्ले बांधीत होता. पण नको असलेले किल्ले पाडा आणि त्यांतलीं माणसें फौजेंत घ्या, असेंही तो आपल्या राजास सांगे. अमात्यांच्या प्रकरणांत आम्हांस हें दुसरें वाक्य हवें होतें.

पैशाचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो विशाळगडाचा. बादशहा १६९९ पासून स्वतः किल्ले घेत सुटला. साताऱ्यास १७०० च्या एप्रिलांत मोंगलांचा सुरुंग मोंगलांवरच उलटला व त्यांचीच शेंकडों माणसें गाडलीं गेलीं. पन्हाळा १७०१ च्या मे महिन्यांत बोलणें लागून गेला. विशाळगडाखालीं डिसेंबरापासून पुढच्या जूनपर्यंत फौज बसली. शेवटीं परशुराम त्रिंबकांनीं दोन लक्ष रुपये घेऊन गड खालीं केला. नंतर तीच विजयी फौज पावसांत पन्हाळ्याकडे परततांना नद्यानाल्यांत अशी रुतली कीं तीस मैलांस महिन्याहून अधिक लागला. हत्ती, बैल, माणसें, सामान यांची वाताहत झाली. आतां यांत जिंकलें कोण? किल्ला लढविला, पावसाळ्यापर्यंत रेटला, मग विकला, आणि कांहीं वर्षांनीं पुन्हा घेतला. शिवाय विक्रीच्या पैशावर नवी फौज उभी राहिली. फितुरीविरुद्ध इतक्या कडक शब्दांत लिहिणारे अमात्य या सौद्यांच्या वेळीं राज्याच्या कारभारांतच होते. योग्य वेळीं सोडलेला किल्लाही किफायतीचा असतो, हें ज्ञान त्यांच्यापाशीं होतें. तें कागदावर उतरविणें मात्र त्यांस प्रशस्त वाटलें नसावें. राजाच्या नांवानें निघणाऱ्या पत्रांत असें लिहिलें तर प्रत्येक किल्लेदार उद्यां भाव विचारील! त्यांच्या मौनाचें हें कारण आम्ही समजूं शकतों. वाचक म्हणून हळहळ वाटते ती वाटतेच.

शेवटीं माणसांविषयीं. मॅकियाव्हेलीनें राजास सांगितलें कीं प्रजेचें प्रेम हाच उत्तम किल्ला. अमात्य इतक्या सुभाषितावर थांबत नाहींत. ते प्रत्येक गडावर अधिकार वांटून देतात आणि बदल्यांचें कोष्टक देतात: हवालदार तीन वर्षांनीं, सरनोबत चारांनीं, सबनीस व कारखानीस पांचांनीं. एकाच माणसाचें एकाच गडावर मूळ धरूं नये, हा हेतु. परंतु गडाखालच्या जमिनी खाऊन पिढ्यान्‌पिढ्या गड राखणारे जे गडकरी, त्यांस हें कोष्टक लागत नव्हतें. पुढें तोफा बदलल्या, बाहेरची फौज नाहींशी झाली, १८१८ मध्यें पेशवाईचे गड आठवड्यांच्या हिशेबानें पडले. तरी करवीरांत गडकरी आपल्या जागीं राहिले. १८४४ मध्यें त्यांच्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे गेली तेव्हां सामानगडानें दरवाजे लावून घेतले, पन्हाळ्यानें लावून घेतले. ऑक्टोबरांत सामानगड गेला. १ डिसेंबरला पन्हाळ्याच्या तटास इंग्रजी तोफांनीं खिंडार पाडलें आणि त्याच दिवशीं गड घेतला. ज्या तटाखालीं जौहर महिनोन्‌महिने बसला त्यास एक दिवस लागला. चार दरवाजा त्यानंतर पाडण्यांत आला. आज गाडीनें वर जातांना आपण त्याच्याच जागेवरून जातों. त्या गडकऱ्यांस कोणी मूर्ख म्हणेल. आमच्यानें म्हणवत नाहीं. किल्ला केव्हां निरुपयोगी झाला हें त्यांस सांगणारें पुस्तक नव्हतें, आणि जें पुस्तक होतें त्यांत तें पान नव्हतें.

'आज्ञापत्रा'च्या पुढील आवृत्तीच्या संपादकांस आमची एकच विनंती आहे. दुर्गप्रकरणाच्या शेवटीं ती १,७५,००० होनांची यादी परिशिष्ट म्हणून छापावी, आणि तिच्या शेजारीं प्रत्येक गड पुढें किती दिवस लढला व कसा गेला याचें एक कोष्टक द्यावें. टीपांचीं पानें थोडीं कमी झालीं तरी चालतील. आमच्या संग्रहांतील यादीची प्रत सध्यां आमच्यापाशीं नाहीं. चिरंजीवांनीं नवें राज्य मांडलें आहे, आणि ती त्यांच्या टेबलावर आहे.